कोचचा नवरा

२० सप्टेंबर २००२, शुक्रवार

वासंतीला विचारलं. वासंतीला! मला नाही.

जुने कोच गनी सर कॅनडाला गेल्यापासून मी फोनकडे डोळे लावून बसलोय. कॉलेजच्या बास्केटबॉल टीमला नवा कोच हवाय, हे दुबईतल्या आपल्या सगळ्या मराठी मंडळींना माहीत. आणि त्या टीमला माझ्याइतकं कोण ओळखतं? इतकी वर्षं एक मॅच चुकवली नाही. पहिल्या रांगेतली कोपऱ्यातली खुर्ची माझी. हरायला लागलो की मागून कुणीतरी विचारणार — 'प्रकाशराव, काय वाटतं?' मी सांगणार — झोन सोडा, मॅन-टू-मॅन खेळा. गनी सर ऐकायचे नाहीत, ती गोष्ट वेगळी. दरवर्षी पहिल्याच फेरीत आऊट.

प्रिन्सिपॉलांचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. अवनीने उचलला. 'बाबा, फॉर यू... नो, वेट. फॉर आई.' अर्ध्या गालाला साबण, तसाच दारात उभा राहिलो. वासंती नुसती 'हो सर', 'बघते सर'. फोन ठेवून म्हणाली, 'कॉलेजच्या टीमला कोच म्हणून ये म्हणतायत. शाळेतलं सांभाळून.'

मी म्हटलं, 'मुलांच्या टीमला? बाई कोच?'

'मीही तेच म्हटलं त्यांना,' ती म्हणाली आणि हसली. किती दिवसांनी अशी हसली!

मान्य, ती शाळेत पी.टी. शिकवते. लग्नाआधी खेळायचीही थोडंफार. पण मी पुण्यात कॉलेजच्या टीममध्ये होतो!

२२ सप्टेंबर

हो म्हणाली. मी अभिनंदन केलं. बर दुबईच्या बाजारातून येताना पेढे आणले. बॉक्स अजून तसाच आहे — तिला वेळ नाही, मला इच्छा नाही.

१ ऑक्टोबर

ऑफिसात सगळ्यांना तोच विषय. सुजीतचा मुलगा तनिष टीममध्ये आहे, त्यामुळे सुजीतला भलताच रस. 'प्रकाशराव, वहिनी कोच म्हणजे मागून सूत्रं तुमचीच ना?' मी नुसता हसलो. नाही म्हणालो नाही.

बाकीचे म्हणाले, बाईमाणूस, पोरं ऐकणार नाहीत, डिसेंबरपर्यंत खलास. मी त्यावरही नुसता हसलो.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

प्रॅक्टिस बघायला गेलो. बॉलच नाही! धडधाकट पोरं गुडघे वाकवून खेकड्यासारखी आडवी चालतायत. तासभर तेच. मध्ये वासंती, गळ्यात शिट्टी. देवांश — टीमचा हिरो, निम्मे पॉइंट एकट्याचे — तोंड वाकडं करून चालत होता. 'मॅम, बॉल कब मिलेगा?' तर म्हणाली, 'जब पैर सीख जाएंगे.'

गाडीत मी सांगितलं, आधी शूटिंग घे, पोरं कंटाळतील. ती म्हणाली, 'हं.'

हं म्हणजे काय?

१६ ऑक्टोबर

ऑफिसातून थेट तिला घ्यायला गेलो. ट्रॅफिकमुळे उशीर झालेला. आत गेलो नाही, जिमच्या दाराशी थांबलो. आतून तिचा आवाज येत होता. मोठा, मोकळा, मध्येच कुणाची तरी फिरकी घेणारा. हा आवाज आमच्या घरात कुठे असतो?

मग ऐकू आलं — 'देवांश, सुबहसे कुछ खाया है? शक्ल देख अपनी. चल, पहले केला खा.'

घरी आल्यावर माझं ताट झाकून ठेवलेलं. मी काय खाल्लं सकाळपासून, कुणी विचारलं नाही. देवांशच्या वयाचा नाही ना मी! हे लिहितानाही लाज वाटतेय, पण वाटलं ते वाटलं.

४ नोव्हेंबर, दिवाळी

अख्खी टीम फराळाला घरी. चपलांचा ढीग, चकल्या संपल्या. वासंती चार दिवस स्वयंपाकघरात राबली, तरी तोंडावर थकवा नाही.

देवांश माझ्याशेजारी येऊन बसला. चांगला पोरगा आहे, उगाच का खोटं लिहू. टीममध्ये हिंदी चालते, माझ्याशी मराठीत म्हणाला, 'अंकल, मॅम सांगत होत्या तुम्ही पण खेळायचात. थोडंफार.'

थोडंफार!!

तेवढ्यात सुजीत ओरडला, 'काय हो प्रकाशराव! वहिनी महाराष्ट्राकडून नॅशनल खेळल्यात? इतकी वर्षं कधी बोलला नाहीत!' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

१२ नोव्हेंबर

रमजान. इफ्तारनंतर प्रॅक्टिस. अवनीची बारावी, तीही दार लावून आत. मी आणि टीव्ही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

पहिली मॅच. जिंकलो. नेहमीचीच तीसेक टाळकी होती, पण जिंकल्यावर तीनशे असल्यासारखी ओरडली. खेकड्याची चाल म्हणून मी हसलो होतो — समोरच्या पोरांना आत शिरायला फटच मिळेना.

मी माझ्या खुर्चीत. मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, विचारणार. म्हणाला, 'प्रकाशराव, जरा सरका ना, वहिनी दिसत नाहीत.'

२७ डिसेंबर, शुक्रवार

पुन्हा जिंकलो. सेमीफायनलमध्ये! ढोल आला, बायका-पोरं आली, पायऱ्यांवर लोक बसले. आता सगळ्यांच्या तोंडी एकच — यंदा कप. जे डिसेंबरपर्यंत खलास म्हणत होते, तेच म्हणतायत, 'आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.' पाकिस्तानी वॉचमनसुद्धा म्हणाला, 'साब, कप तो आपके घर आएगा, इन्शाल्ला.'

वासंतीला म्हटलं, लोकांच्या अपेक्षा फार वाढल्यात. म्हणाली, 'वाढू देत. पोरांच्या कानावर जाऊ नयेत म्हणजे झालं.'

सगळं कसं हिला सोपं!

१० जानेवारी २००३

मीना बाझारमध्ये गेलो होतो, पडद्याचं कापड घ्यायला. दुकानदाराने तिला ओळखलं. 'मॅडम, कप लाओ, साडी हमारी तरफसे!' मग माझ्याकडे वळून, 'और आप?'

'हजबंड,' मी म्हणालो.

'अच्छा, अच्छा, कोच मॅडम के हजबंड!' आणि पिशवी माझ्या हातात दिली.

अब्रामधून, त्या लाकडी होडीतून, खाडी ओलांडताना ती पाण्याकडे बघत बोटाने गुडघ्यावर काहीतरी आखत होती. पाच ठिपके, बाण. मी शेजारी आहे हे तिच्या गावीही नव्हतं.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ देताना अवनी म्हणाली, 'बाबा, यू आर जेलस.'

मी म्हटलं, काहीतरीच काय.

'इट्स ओके. जस्ट डोंट बी मीन अबाऊट इट.'

बारावीची पोर मला शहाणपण शिकवते! ताडकन उत्तर द्यायचं होतं. तिळगूळ तोंडात टाकला.

२९ जानेवारी, बुधवार

परवा सेमीफायनल. वासंती जेवताना आपणहून बोलली. देवांशचा गुडघा सुजलाय. पोराने लपवला होता, हिने चालीवरून ओळखला. खेळवणार नाही त्याला.

मी म्हटलं, 'देवांशशिवाय? लोक फाडून खातील तुला.'

'खाऊ देत. एकोणीस वर्षांचा आहे तो, गुडघा आयुष्यभर लागणारे त्याला.' मग जरा पुढे वाकून, डोळे चमकवत — 'पण समोरच्या टीमला शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही. तो टीमचे कपडे घालून बेंचवर बसेल. ते सगळी तयारी देवांशला अडवायची करून येणार. आणि आपण तनिषला मोकळा सोडायचा. त्यालाही आयत्या वेळीच सांगेन. कसं वाटतं?'

कसं वाटतं, असं मला विचारलं. मला! उत्तम वाटतं म्हणालो. खरंच उत्तम होतं. मला सुचलं नसतं.

३० जानेवारी, गुरुवार

लंचला सगळे जमले होते. सुजीत सुरू — 'वहिनी म्हणजे हिरा आहे हिरा! प्रकाशराव, तुम्हीसुद्धा आता शिकत असाल त्यांच्याकडून.' सगळे हसले.

मी म्हणालो, 'हिरा ना? मग उद्या बघा. देवांशला बसवणार आहे. अख्खी मॅच.'

सगळ्यांनी डबे बाजूला सारले. माझ्याकडे बघायला लागले. किती महिन्यांनी! मग प्रश्नांवर प्रश्न — का, कशाला, वेड लागलंय का. मी सांगत राहिलो. तनिषचंही बोललो.

संध्याकाळी देवांशच्या वडिलांचा फोन. मग प्रिन्सिपॉलांचा. वासंती प्रत्येकाला एकच वाक्य — 'गुडघा सुजलाय, मी खेळवणार नाही.' माझ्याकडे बघितलं नाही.

बोलायला नको होतं.

३१ जानेवारी, शुक्रवार

हरलो. तीन पॉइंटनी.

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. देवांश बेंचवर बसला आणि ओरडा सुरू झाला — 'दे-वांश! दे-वांश!' समोरच्या टीमला सगळं माहीत होतं. पहिल्या मिनिटापासून तनिषच्या अंगावर दोन-दोन जण. बिचाऱ्याला श्वास घेऊ दिला नाही. वासंतीने तीनदा चाल बदलली, तरी आपली पोरं शेवटपर्यंत चिकटून होती. शेवटच्या मिनिटाला बरोबरीत आलो होतो!

मग मागून, 'बाईला काय कळतं!' कुणीतरी पाण्याची बाटली फेकली. तिच्या पायाशी पडली. तिने वळूनही पाहिलं नाही. देवांशच रडत उठला, बाटली उचलली आणि तिच्यापुढे आडवा उभा राहिला.

शिट्टी वाजल्यावर मागच्याने वाकून विचारलं — 'प्रकाशराव, काय वाटतं?'

आणि मी म्हणालो, 'देवांशला खेळवायला हवं होतं.'

आसपासचे सगळे माना डोलावत होते. वासंती चार पावलांवर पोरांचे टॉवेल गोळा करत होती. तिने ऐकलं की नाही, माहीत नाही.

ऐकलं असणार.

१ फेब्रुवारी

'त्यांना कसं कळलं?' सकाळी चहा गाळताना म्हणाली. मला नाही, गाळणीला.

मी पेपर उलटला.

३ फेब्रुवारी, सोमवार

देवांशचा स्कॅन झाला. लिगामेंट अर्धवट फाटलंय. डॉक्टर म्हणाले, खेळला असता तर पुन्हा खेळला नसता. देवांशच्या वडिलांचा पुन्हा फोन आला होता, या वेळी आभार मानायला. बाकी कुणाचाच नाही. ज्यांना कप हवा होता ते सगळे गायब.

फोन ठेवून ती माझ्यासमोर येऊन बसली.

'मी फक्त तुला सांगितलं होतं, प्रकाश.'

'सुजीतला सहज बोललो गं. लंचला विषय निघाला...'

'सहज.'

'मला काय कल्पना, तो गावभर...'

'तनिषचं पण सहज?'

भांडली असती, ताट आपटलं असतं तर बरं झालं असतं. उठली आणि अवनीला हाक मारली, 'दूध घेतलंस का गं?' रोजच्याच आवाजात.

मला वाटायचं, हिला काहीही मिळालं तरी माझं काही जात नाही, नुसतं टोचतं. मग मी का म्हणून तिचं सगळं मोडून टाकलं? विचार करतोय. उत्तर एकच येतं, आणि ते अवनीने संक्रांतीलाच दिलं होतं.

१८ फेब्रुवारी

वासंतीने कॉलेजचं काम सोडलं. मला अवनीकडून कळलं.

७ मार्च, शुक्रवार

प्रिन्सिपॉलांचा फोन. या वेळी माझ्यासाठी! पुढच्या सीझनला टीम सांभाळाल का, आत्तापासूनच सुरुवात करा. मी हो म्हणालो. लगेच म्हणालो. फोन ठेवल्यावर आनंद झाला, आणि सांगायला स्वयंपाकघरात गेलो. ती पोळ्या लाटत होती.

'वासंती, कोच म्हणून मला...'

'चांगलं झालं. पोरांना अनवाणी धावू देऊ नको, जमीन खराब आहे तिथली.'

एवढंच. टोमणा नव्हता. शोधला मी.

२१ मार्च

पहिली प्रॅक्टिस. पोरं वेळेवर आली. 'यस सर', 'ओके सर'. सांगितलं तसं सगळं केलं. तनिषने मान वर करून एकदाही पाहिलं नाही. तासाभरात एकजणही हसला नाही. देवांश कुबडी घेऊन भिंतीशी बसला होता. जाताना म्हणाला, 'सर, मॅम ठीक आहेत ना?'

बाहेर सुजीत भेटला. 'प्रकाशराव, आता तुम्ही! यंदा कप हवाच हं!' पाठीवर थाप मारली. ज्यासाठी एवढा जळलो, ते हे!

१८ एप्रिल

वासंती शाळेतून आल्यावर कुणाशी तरी इंग्रजीत फोनवर बोलत असते. मी आलो की आवाज खाली जातो असं नाही. फक्त मला सांगत नाही.

मी काल माफी मागितली. नीट, समोर बसून, सगळं बोललो — लंचचं, खुर्चीत बसून जे बोललो तेही. तिने ऐकून घेतलं. 'बरं,' म्हणाली. मग म्हणाली, 'आज खरं बोललास, हे बरं केलंस.' माझ्या पुढ्यातला कप उचलून घेऊन गेली.

२२ मे, गुरुवार

इथून दीड तासावर, अल ऐनच्या कॉलेजात वासंतीला नोकरी मिळाली. मुलींची टीम, पूर्ण वेळ, ऑगस्टपासून. जूनमध्ये अवनी पुण्याला होस्टेलवर जाणार. आज अल ऐनहून राहण्याच्या जागेचं विचारायला फोन आला होता. मी समोरच बसलो होतो. त्या बाईचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता — फॅमिली अकोमोडेशन की सिंगल?

वासंतीने माझ्याकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं.

मग फोनमध्ये म्हणाली, 'सिंगल.'