कोपरा फाडलेलं पत्र

२१ नोव्हेंबर, गुरुवार

नवी वही, नवी नोकरी, नवी खोली. वहीपासून सुरू करतो, कारण ती पहिली घेतली. राजारामपुरीत उदयसिंह दादांच्या बंगल्याकडं निघालो होतो, वाटेत वह्यांचं दुकान लागलं. एका वहीवर पैलवानाचं चित्र होतं, मिशीसकट आमच्या बालगृहाच्या आचाऱ्यासारखं. ते बघत किती वेळ उभा राहिलो कुणास ठाऊक. दादांनी दारातच विचारलं की पावणं, वाट चुकला की काय. मी व्हय म्हणालो. पैलवानाचं कसं सांगणार?

बंगल्याची फरशी अशी की चप्पल काढूनही पाय टेकवायला लाज वाटावी. मला गच्चीवरची खोली दिली. खाट आहे, पंखा आहे आणि न्हाणीसुद्धा वेगळी! आजवर मी पेट्रोल पंपावर झोपलो, ट्रकच्या टपावर झोपलो, कुरुंदवाडकडं एका गुऱ्हाळात चुलवणापाशी झोपलो. पण स्वतःची न्हाणी पहिल्यांदाच. दोनदा आंघोळ केली, नुसती हौस म्हणून.

काम असं. दादांचं जुनं घर मंगळवार पेठेत होतं, ते पाडून आता अपार्टमेंट झालं. पाडताना माळ्यावरून पत्रांची तार निघाली. पूर्वी पत्र वाचून झालं की आकड्याच्या तारेत टोचून ठेवायचे. नवं वर, जुनं खाली. काही पत्रं तर दीडशे वर्षांपूर्वीची, सगळी मोडी लिपीत. दादांच्या मुलीचं, अनुजाचं, डिसेंबरात लग्न आहे. पाहुण्यांना घराण्याचं पुस्तक वाटायचं म्हणून ही पत्रं साध्या मराठीत उतरवायची. मोडी मी एका रविवारच्या वर्गात शिकलो. गेलतो फुकटच्या चहासाठी, पण अक्षरं अशी वळत जायची की चहा संपल्यावरही बसून राहिलो.

दादांनी शिक्षण विचारलंच नाही. आईबाप? न्हाईत. भावकी? न्हाय. मामा, आत्या, चुलत कोण? कोण न्हाय. माझ्या प्रत्येक नकाराला त्यांचा चेहरा उजळत गेला. म्हटलं, सुट्ट्या मागणार नाही म्हणून खूश असतील. रात्रीच्या जेवणाला दादांच्या बायकोनं, वर्षाराणी वहिनींनी, तांबडा-पांढरा रस्सा वाढला. लई जेवलो.

२३ नोव्हेंबर, शनिवार

काय लिहायची ही माणसं! एक जण लिहितो: गाय व्याली, कालवड झाली, वडिलांस शीतज्वर येऊन उतरला, तंबाखू भिजली, आणि जाता जाता तळाला, धाकट्या वहिनीस मुलगा झाला. आधी कालवड, मग मुलगा. प्रत्येक पत्राची सुरुवात मात्र तीच. इकडील सर्व क्षेम, तुम्हांकडील क्षेम लिहीत जावे. मला हे वाक्य इतकं आवडलं की दूधवाल्यालाही म्हणून बघितलं. तो म्हणाला, डोस्कं फिरलं काय रं?

लग्नाचं, बारशाचं पत्र असलं की कागदाला हळदीकुंकवाचं बोट. अजून पिवळं दिसतं. पण मरणाचं पत्र एकही नाही. एवढ्या वर्षांत ह्या घरात कोण मेलंच नाही? वहिनी गच्चीवर मटार सोलत होत्या, त्यांना विचारलं. म्हणाल्या, आरं, तसलं पत्र कोण तारेला लावतं का? त्याला वर श्री नसायचं, एक कोपरा फाडलेला असायचा, म्हणजे हातात घेताच कळावं. उंबऱ्याबाहेर वाचायचं, तिथंच फाडून टाकायचं, आंघोळ करून मग घरात. आणि लांबच्या माणसाचं सुतक कळल्या दिवसापासून धरायचं. कळलंच न्हाय तर लागत न्हाय. एवढं बोलून त्यांनी एक शेंग न सोलताच भांड्यात टाकली.

अनुजा चहा घेऊन आली. ज्ञानूदादा, जेवलास का, असं विचारलं. मला हे कोण विचारत नाही. तिला सख्खा भाऊ नाही. म्हणाली, लग्नात नवऱ्याचा कान पिळायला भाऊ लागतो, तूच पिळ, जोरात पिळ, लई शाना समजतो स्वतःला. मी दुपारभर स्वतःचाच कान पिळून सराव केला. पत्र एकच झालं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

तारेच्या तळाशी पोचलो. शेवटचं पत्र घडी घालून डिंकानं चिकटवलेलं. कधी उघडलेलंच नाही. आणि कोपरा फाडलेला.

खाली जाऊन सांगितलं तर दादा स्वतः जिने चढून वर आले, पण खोलीत पाऊल टाकलं नाही. दारातूनच म्हणाले, ते उघड, वाच, आन् पंचगंगेत सोड. आमाला मातर एक अक्षर सांगायचं न्हाय.

मग वहिनींकडून कळलं. दादांच्या खापरपणजोबांचं, आबाजीरावांचं, लग्न होतं. ऐन हळदीदिवशी चिकोडीकडून एक माणूस हे पत्र घेऊन आला. तिकडं त्यांची बहीण बनाबाई दिलेली होती. आबाजीरावांनी फाडलेला कोपरा बघितला आणि समजले. उघडावं तर सुतक लागणार, लग्न मोडणार. म्हणून न उघडताच तारेला टोचलं. कळलंच नाही ना, मग सुतक कसलं! अक्षता पडल्या. आणि नंतर तरी कुठल्या तोंडानं उघडणार?

तेव्हापासून ह्या घरची एकही लेक लग्नाचं वर्ष काढत नाही. दादांची बहीण क्रांती पहिल्या दिवाळीला माहेरी आली ती तिरडीवरच. अनुजाच्या लग्नाआधी काहीतरी करायला हवं म्हणून गुरुजींना विचारलं, तर ते म्हणाले, पत्र उघडून घरानं सुतक धरा. दादा म्हणाले, हॉल ठरला, पत्रिका वाटल्या, आता कसलं सुतक? बिनभावकीचा माणूस बघतो, तो उघडंल. पत्र उघडलं बी आन् आमाला कळलं बी न्हाय.

म्हणून मी.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

वाचलं. खाटेवर बसून, कांदाभजी खात. असं लिहिलंय:

राजश्री आबाजीराव यांस. सौ. बनाबाई हिस गुरुवारी देवाज्ञा झाली. पोर अंगावरची आहे. आमचे घरी तीस दूध पाजील असे बाईमाणूस नाही. बनाबाईने मरतेसमयी तुमचे नाव घेतले. दादा येईल, पोर नेईल, म्हणाली. पत्र पावताच यावे. पत्र वाचून स्नान करावे.

परत तारेवरची सगळी पत्रं पालथी घातली. गाई आहेत, कालवडी आहेत, तंबाखू आहे. त्या पोरीचं नाव कुठंच नाही. म्हणजे कुणी गेलं नाही. ती वाट बघत राहिली असेल. दूध नाही.

मला रडू आलं. मी कधी कुणासाठी रडलो नव्हतो, रडायला कोण होतंच नाही. आज वाटलं, माझंही कुणीतरी मेलं. खोटं कशाला लिहू, जरा बरंही वाटलं.

आंघोळ केली नाही. मला कसलं सुतक?

२७ नोव्हेंबर, बुधवार

घाटावर गेलतो. वाटेत मिसळ खाल्ली, मग एक म्हैस धुणारा बघत बसलो, म्हैस पाण्यातून बाहेरच येईना. मग पत्र सोडलं. ते वाहिलं नाही. पायरीला लागून उभं राहिलं. उचललं तर कोरडं ठणठणीत.

पुन्हा बुडवलं. कोपरापर्यंत हात पाण्यात धरला. पत्र कोरडं.

माझा हातही.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळपासून बादल्यावर बादल्या ओततोय. पाणी अंगावरून घरंगळतं, तेल लावलेल्या तव्यावरून जावं तसं. एक केस ओला होत नाही. अनुजानं खालून ओरडून विचारलं, ज्ञानूदादा, टाकी रिकामी केलीस की काय! हसत होती. वर आली, माझ्या केसांना हात लावला, म्हणाली, अजून पारोसाच हाय की!

दुपारी वहीत परवाचं पान बघितलं. तळाला मोडीत एक ओळ आहे. वळण माझं नाही. दादा का आला नाही?

मी ती ओळ लिहिलेली नाही.

१ डिसेंबर, रविवार

आज तर डोळ्यांदेखत लिहिलं. हात माझा, पेन माझं.

माझी नेली नाही. ह्यांची नेते. ह्या खेपेला वर्षभर थांबणार नाही, हळदीचं पाणी अंगावर पडताच नेते.

हात थांबला. मग, जरा बारीक अक्षरात: घरच्या एकाने ऐकावे. माझ्या नावाने एकाने न्हावे. मग सोडीन.

एवढंच? एवढ्यासाठी इतक्या लेकी?

धावत खाली गेलो. दादा केटरिंगवाल्याशी बोलत होते. मी बनाबाई एवढंच म्हणालो, तर दोन्ही कानांत बोटं घातली, भावकीतल्या लोकांसमोर, हसत हसत. मग मला जिन्याखाली ओढलं. म्हणाले, तुला कशापायी आणला? तुला सांगितलं म्हंजे कुणालाच सांगितलं न्हाय. तू हाईसच कोण? लग्न झालं की पिशवी उचल आन् चालू पड.

वहिनींकडं गेलो. त्या रडल्या. पण कानावर हात त्यांनीही ठेवले. म्हणाल्या, हळद होऊ दे, ज्ञानू, तेवढी हळद होऊ दे.

बघू मग. होऊ दे हळद.

हे मी लिहिलं? मीच लिहिलं बहुतेक.

२ डिसेंबर, सोमवार

बाहेरून कडी आणि कुलूप. मोबाईल काढून घेतला. जेवणाचं ताट खिडकीतून देतात. दादा म्हणाले, उद्या हळद, परवा अक्षता, मग तू मोकळा.

खाली मांडव घालतायत. ढोल-ताशेवाले येऊन बघून गेले. लोक खुशीत आहेत. माझ्या भावाच्या लग्नातही असेच असतील. मी तिकडं पडवीत पडले होते आणि इकडं जिलेबी—

पडलो नव्हतो. मी नव्हतो. मला भाऊ नाही.

मला सगळं दिसतं. पडवी. शेणाचा वास. पोर तोंड उघडते आणि आवाज येत नाही. सासरा वेशीपर्यंत जातो, डोळ्यांवर हाताचा आडोसा करून रस्ता बघतो. रोज. एक दिवस जायचं बंद करतो.

आबाजीनं कोपरा बघितला होता. बघितला होता त्यानं!

ओरडलो. खाली ढोल वाजत होता.

३ डिसेंबर, मंगळवार

सकाळ. ऊन चांगलं पडलंय. हळदीची गाणी सुरू आहेत, गच्चीपर्यंत वास येतोय.

ठरवलंय. अनुजाला सांगायचं. ती घरचीच ना? तिनं ऐकलं तर पुरे. त्या पोरीनं काय केलंय कुणाचं? मला जेवलास का म्हणून विचारलं, एवढंच.

नंतर

आली होती. हळद लावूनच, आंघोळीआधी, चोरून वर. दाराशी तिच्या बांगड्या वाजल्या. म्हणाली, ज्ञानूदादा, किल्ली पप्पांकडं हाय रे, मी भांडून आणते. तुला कोंडलं का? कालपासून ओरडतोयस म्हणं. काय सांगायचंय? मी ऐकते, सांग.

ऐकते म्हणाली. दाराला कान लावला होता तिनं. फळीच्या फटीतून पिवळा गाल दिसत होता.

एकच वाक्य. तोंड उघडलं मी. बनाबाई मेली, तिच्या नावानं आंघोळ कर. एवढंच—

आणि वाटलं, हिला का मिळावं? माझ्या पोरीला कुणी कान दिला? माझी सुटली नाही, ही सुटते कशी? ह्या घरानं हसत हसत कानात बोटं घातली. तू हाईसच कोण म्हणाले.

कोण आहे ते दाखवते.

मी म्हणालो, काही नाही गं. इकडील सर्व क्षेम.

ती हसली. म्हणाली, येडाच हाईस, उद्या कान पिळायला तयार रहा. पैंजण वाजत जिना उतरली.

माझा आवाज होता तो. माझाच. बनाबाईचा नव्हता—

नळ सुरू झाला. पाच जणी गातायत, कळशी ओततायत. हाक मारू? अजून वेळ आहे. अनुजा! हात पेन सोडत नाही. तोंडातून हाक निघत नाही, हसू निघतं—

पहिली कळशी.

थंड. मानेवर थंड काहीतरी. केसांतून वहीवर थेंब पडतोय. माझे केस ओले. सदरा ओला. आठवडाभरानं, पाणी लागलं मला. पाणी लागलं—

गाणं थांबलं.

खाली कळशी पडली. वहिनी. वहिनींचा आवाज. आता कान झाकून काय—

दादा जिना चढून येतायत. येऊ देत. उघडू देत. ह्या वेळी ऐकावंच लागेल. हात लिहितोय, मी फक्त बघतोय. पानाचा कोपरा फाडून झाला. वर श्री नाही.

राजश्री उदयसिंह यांस. चि. अनुजा हिस आज मंगळवारी हळदीचे पाण्यात देवाज्ञा झाली. पत्र उंबऱ्याबाहेर वाचावे. पत्र वाचून घरच्या सर्वांनी