देवूच्या आंघोळीआधी

मनुरेवा, ऑकलंड
१३ ऑगस्ट २००६

ती. सौ. आईस,
प्रणिताचा नमस्कार. नानांनाही सांग. त्यांचा गुडघा कसा आहे?

इथे थंडी आहे. हीटरचं बिल बघून शंतनु कटकट करतो, म्हणजे सगळं ठीक आहे. देवू चालायला लागली. चालते म्हणजे पडते, आणि रडू की नको म्हणून आपल्याकडे बघते.

परवा फोनवर तू तिकिटाचं विचारलंस आणि आवाज नीट येत नाही म्हणून मी फोन ठेवला. येत होता. म्हणून हे पत्र.

मला दवाखान्यातून सोडल्यावर ती नर्स घरी यायची, आठवते ना? देवूला डे-केअरमध्ये घालू या, प्रणिताला बरं व्हायला वेळ मिळेल, पैसे सरकार देईल, असं ती म्हणाली होती. तू तिला सांगितलंस, "आम्ही आहोत ना घरात," आणि पोहे खायला घालून वाटेला लावलंस. त्या पोह्यांची आठवण ती अजून काढते. तुझा व्हिसा संपून तू गेलीस, तेव्हा तिने पुन्हा खटपट केली. शंतनु दिवसभर ईस्ट टामाकीच्या गोडाउनमध्ये, घरात दुसरं कोणी नाही, म्हणून आमचं मंजूर झालं. आता सांभाळणारं माणूस घरी आलं तर सरकारी ऑफिसात कळवायला हवं. ते सगळं पुन्हा तपासतील. तेव्हा तू इतक्यात येऊ नकोस.

पैशांचं कारण खरं आहे, आई. पण मी नर्सला विचारलं होतं, आई आली तर काय? ती म्हणाली, येऊ दे, काढू काहीतरी मार्ग. म्हणजे तुला येता येईल. मलाच नकोय. लिहून टाकलं बघ.

त्या दिवशी देवूला टबात ठेवून, नळ चालू ठेवून, मी मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले. तू धावलीस म्हणून ती आहे. आपण दोघींनी हे कधी तोंडातून काढलं नाही. तू सगळ्यांना बाळंतपणाचा अशक्तपणा म्हणून सांगितलंस. मी दवाखान्यातून आल्यावर तू देवूला माझ्या मांडीवर द्यायचीस, पण तुझे हात तिच्याखालून निघायचे नाहीत. मी दूध पाजत असायचे आणि तुझे हात तिथेच. तुझं काही चुकलं नाही, मीही तेच केलं असतं. पण ते हात दिसले की वाटायचं, मी हिची आई नाहीच. हिला जपायचं ते माझ्यापासूनच.

डे-केअरमध्ये लोसा म्हणून सामोअन बाई आहे, तुझ्याच वयाची. नर्सने तिला माझं सगळं माझ्यासमोरच सांगितलं. पहिल्या दिवशी संध्याकाळी तिने देवूला माझ्या हातात दिलं आणि दुसऱ्या पोराचं नाक पुसायला गेली. आई, तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. तू ब्रेड आणायचीस त्या कोपऱ्यावरच्या दुकानाबाहेर, डेअरीबाहेर, बसून मी खूप रडले. देवू प्रॅममध्ये माझ्या किल्ल्या चावत होती.

तुझी आठवण येत नाही असं समजू नकोस. तू गेल्यावर देवू कितीतरी दिवस तुझ्या खोलीच्या दाराशी जाऊन बसायची, आणि मीही तिच्याशेजारी बसायचे. संध्याकाळ झाली की मला तू हवीच असतेस.

आता देवूला आंघोळ मी घालते. शंतनु घरात असताना, दार उघडं ठेवून. ज्या दिवशी दार लोटून घालेन, त्या दिवशी फोन करीन. मग तिकीट काढ. आलीस की मी देवूला घेऊन आत जाईन आणि तू बाहेर कोचावर बसून राहायचंस. जमेल ना तुला?

तुझी मुलगी, देवूची आई,
प्रणिता