तोंड बांधलेली मगर

३ फेब्रुवारी
आज पुन्हा ती पलीकडच्या खडकावर होती. मगर. जबड्याभोवती जाळ्याचा तुकडा करकचून आवळलाय – तोंडच उघडत नाही तिचं! पोट खपाटीला गेलंय. धुणं तसंच टाकून मी बघत राहिले.
सासूबाई म्हणाल्या, "बघतेस काय गो राजश्री? बरं झालं. पोरं तरी बिनघोर पाण्यात जातील."
खरंच की. सावित्री नदीत मगरी काय कमी आहेत! एक तरी गप्प झाली.

४ फेब्रुवारी
श्रुतिकाने विचारलं, "आई, ती जेवते कशी?" लेकीच्या ताटात भात वाढला.

८ फेब्रुवारी
किशोरला फोनवर सांगितलं. मुंबईहून ओरडलाच – "तुला काय पडलंय? निसर्गाचं निसर्ग बघेल."
जाळं निसर्गाने टाकलं का? आपल्याच कुणाचं तरी असणार. पण नवऱ्याला हे बोलले नाही.
शेजारचा सोमा म्हणाला, "वहिनी, फॉरेस्टवाल्यांना कळवू नका हां. उद्या कुणाचा पाय धरला तर जबाबदार कोण?" त्याच्या म्हशी रोज त्याच पाण्यात उतरतात. त्याचं तरी काय चुकलं?
तोंड बांधलेलं आहे तोवर माझी पोर सुखरूप. आणि ती मात्र डोळ्यांदेखत उपाशी मरतेय.

११ फेब्रुवारी
केला फोन! गोठ्यामागे उभं राहून. माझं नाव कुणाला सांगू नका म्हटलं. वळले तर सासूबाई गोठ्यात शेण भरत होत्या.

१३ फेब्रुवारी
वनखात्याची माणसं आली. तिला धरलं, डोळ्यांवर ओलं पोतं टाकलं, जाळं कापलं. कातडीत रुतलं होतं ते. औषध लावलं. "लांब कुठंतरी न्या," सगळे ओरडत होते. साहेब म्हणाले, "तिचं घर इथंच आहे."
पाण्यात शिरण्याआधी तिने तोंड उघडलं – केवढं ते! हे दात मी सोडले नदीत. मी!

१६ फेब्रुवारी
श्रुतिकाला नदीवर जायला बंदी केली. रडते. पाण्यात ओंडका दिसला तरी मी धुणं टाकून मागे सरते.

२० फेब्रुवारी
कुठेच दिसत नाही. खडकावर दिसायची तेच बरं होतं.

२४ फेब्रुवारी
सोमाचं रेडकू गेलं! म्हशीबरोबर पाण्यात उतरलं होतं. ओरडलं, आणि मग नुसता फेस. हीच होती की दुसरी, कुणीच पाहिलं नाही. आता विचारतंय कोण!

२५ फेब्रुवारी
वाडी आमच्या अंगणात जमली. सोमाचे डोळे लाल. "फोन कुणी केला ते कळू दे! आज रेडकू, उद्या पोर!" मी श्रुतिकाला जवळ ओढलं.
सासूबाईंनी तांदूळ पाखडायचं सूप खाली ठेवलं. उठल्या.
"मीच करायला लावला. काय बोलायचं ते मला बोला."
मी तर त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.