बंदर मोठां होवंदे

२४ ऑक्टोबर

मिळालं! गेल्या वेळी पडूनही, प्रितमला पुन्हा विधानसभेचं तिकीट मिळालं. आमच्या कट्टा गावच्या बाजारात फटाके वाजले. सासूबाईंनी लेकाची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि वर मलाच बोलल्या, 'तुजा तोंड असां कित्याक गो? कोण मेला काय?'

कोणी मेलं नाही. आनंद मलाही झाला. पण गेल्या वेळी पडल्यावर घरात जे दिवस गेले ते मला आठवायचे नाहीत. भर उकाड्यात मी मनगटापर्यंत बाह्यांचे ब्लाउज घालून फिरत होते. बस्स. त्यावर अजून काही लिहायचं नाही.

(घरात त्याला 'अहो' म्हणते, वहीत 'तो'. निदान वहीत तरी!)

२६ ऑक्टोबर

माजघराचं प्रचार कार्यालय झालं आहे. पक्षाने प्रचार सांभाळायला मुंबईहून एक ओंकार पाठवलाय. लॅपटॉप उघडून बसतो आणि दर तासाला चहा मागतो. आज त्याने पत्रक केलं — 'आपले उमेदवार, आपल्या प्रश्नांवर त्यांच्या भूमिका'. मी दहावीच्या मुलांना मराठी शिकवते म्हणून तपासायला माझ्याकडे आलं.

एलईडी लाइट लावून होणारी मासेमारी — कडक बंदी. छान. काजूला हमीभाव. छान. हॉस्पिटलात कायम डॉक्टर. माकडांचा बंदोबस्त — कसला बंदोबस्त, ते लिहायचं नाही म्हणे. 'वहिनी, तपशिलात गेलं की मतं जातात.'

आणि मग हे — 'नियोजित बंदर प्रकल्प : जनतेची इच्छा, तीच आमची भूमिका.'

मी दोनदा वाचलं. हे बंदर येणार कुठे? तारकर्लीच्या अलीकडे, माझ्या माहेरच्या वाडीत. जिथे माझे दाजी, म्हणजे माझे वडील, आख्ख्या वाडीला बरोबर घेऊन रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतात, नेमक्या त्याच वाळूच्या पुळणीवर. तिथे कंपनीला जहाजांचा धक्का बांधायचाय. गेल्या निवडणुकीत ह्याच पुळणीवर उभं राहून प्रितम ओरडला होता, 'बंदर येईल ते माझ्या प्रेतावरून!' बायका रडल्या होत्या. मीही.

'अहो, मग ते प्रेत खंय गेलां?' मी विचारलं.

ओंकार म्हणाला, 'वहिनी, भूमिका लवचीक असावी लागते.' मी म्हटलं, त्याला भूमिका नाही, इलॅस्टिक म्हणतात.

प्रितम हसला नाही. 'तू शुद्धलेखन बघ.' तिकीट मिळाल्यापासून हा घरातसुद्धा शुद्ध मराठी बोलतो.

बघितलं. इच्छा बरोबर लिहिलंय.

२९ ऑक्टोबर

आज बरं वाटलं. चहा घेताना प्रितमने आपणहून विचारलं, 'विनू, तुमच्या वाडीत बंदर कशाला म्हणतात गं?'

लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदाच काही विचारलं माहेरचं! मग मी कशाला थांबते! सांगितलं — बंदर म्हणजे आमची पुळण. रापण ओढतात ते बंदर, होड्या लागतात ते बंदर, सत्यवती काकी पाटी घेऊन मासे विकायला बसते तेही बंदरच. 'बंदरार जातंय' म्हटलं की मासे आणायला निघालो समजायचं. लहानपणी मी रुसले की आई म्हणायची, जा बंदरार आणि बस बोंबलत.

'आमच्याकडे बंदर म्हटलं की जहाजं,' प्रितम म्हणाला. त्याचं बरोबर आहे. तो डोंगरातला, काजूवाल्यांचा. ओंकारने टायपिंग थांबवलं होतं. 'म्हणजे वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना बंदर म्हणजे फक्त हेच? नक्की?' मी म्हटलं, नक्की. दुसरं बंदर त्यांनी पाहिलंय कुठे? कंपनीच्या त्या प्रकाराला ते 'धक्को' म्हणतात.

जावयाला सासरची गोडी लागली म्हणून मी दोघांना दुसरा चहा केला. आलं घालून!

३१ ऑक्टोबर

दिवाळी. तुळशीपाशी कारिटाचं कडू फळ फोडलं. प्रितमने पायाच्या अंगठ्याखाली चिरडताना विरोधी उमेदवाराचं नाव घेतलं. कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या. गोडे पोहे कमी पडले.

४ नोव्हेंबर

प्रचाराचा नारळ माझ्या माहेरी फुटला, वाडीतल्या रवळनाथाच्या देवळात. गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे, म्हणजे दाजींकडे. दाजी देवाला सांगणार आणि दर वाक्याला सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. कोणी ऐकून म्हणतं, कोणी न ऐकता. तोंडालाच सवय असते ती.

काल संध्याकाळी प्रितम एकटाच दाजींकडे जाऊन आला होता. 'आशीर्वाद घेतला,' म्हणाला.

दाजी धोतर नेसून, डोक्याला उपरणं बांधून उभे राहिले. ह्या वयातही आवाज काय! 'बा देवा रवळनाथा, तुज्या वाडयेचो जावय आज तुज्या पायाकडे उभो आसा.' — व्हय म्हाराजा! 'वाकडां-नाकडां आसात, ता सरळ करून घे.' — व्हय म्हाराजा! 'जे कोण लायटी लावन समिंदर खरवडतत, तेंची बुद्दी फिरय.' — व्हय म्हाराजा!! इथे तर पोरांनी छप्पर उडवलं.

मग दाजी थांबले. गाऱ्हाण्यात ते कधी थांबत नाहीत. खोकले. पाणी मागितलं. बायकांत मी बसले होते तिकडे बघितलं. मला वाटलं, थकले. मी मान हलवली, म्हणजे चालू दे.

'आमचां बंदर मोठां होवंदे रे म्हाराजा. लेकराबाळांचां पोट थंयच भरांदे.'

व्हय म्हाराजा! मीही म्हटलं, जोरात म्हटलं. माझ्या पुढ्यात बसलेल्या सत्यवती काकीने तर मागे वळून पाहिलं, एवढ्या जोरात. आपलं बंदर मोठं व्हावं, रापणीला मासे लागावेत, ह्यापलीकडे आम्हाला काय मागायचं असतं?

ओंकारने एवढ्याच वाक्याला फोन वर धरला होता. मला ते आवडलं होतं. म्हटलं, शहरातल्या माणसाला कौतुक असतं.

२० नोव्हेंबर

मतदान. बोटाला शाई. दोन्ही वेळा जेवण गेलं नाही.

२३ नोव्हेंबर

आला! निवडून आला!

गुलालात प्रितमने मला सगळ्यांसमोर जवळ ओढलं. मी आधी दचकले. मग हसले. फोटोत हसलेलीच आले आहे.

दाजींना फोन केला. 'इलो मा निवडान? बरां झालां,' म्हणाले. आणि मग एकदम, 'तू बरी आसंस मा, बाये?' मी म्हटलं, मला काय झालंय? उलट आता सगळंच बरं होईल. 'होवंदे,' म्हणाले आणि फोन ठेवला.

१५ जानेवारी

सत्यवती काकीचा फोन. 'विने, बंदरार लाल खुंटे मारल्यानी गो! आमच्या रापणीच्या जाग्यार! तुज्या घोवाक ठावक आसा?'

जेवताना विचारलं. प्रितमने कालवणात भात कालवला, सावकाश. 'माझी भूमिका पहिल्या दिवसापासून एकच आहे. जनतेची इच्छा.'

'जनतेक कोणी इचारलां?'

'विचारू ना. जनसुनावणी आहे.'

मला तेव्हासुद्धा कळलं नाही. मराठीची बाई म्हणे!

९ फेब्रुवारी

शाळेच्या पटांगणात जनसुनावणी झाली. मांडव, खुर्च्या, पोलीस. ओरोसहून जिल्ह्याचे अधिकारी आले होते. आख्खी वाडी होती. आमदार मात्र नाही, त्यांना म्हणे मुंबईत बैठक. मी बायकांत बसले.

कंपनीचा माणूस उठला. गोड बोलत होता. 'ग्रामस्थांचा विरोध आहे असं सांगितलं जातं. आपण ग्रामस्थांचंच ऐकूया.' आणि पडद्यावर आमचं देऊळ आलं. दाजी आले, उपरणं बांधलेले.

'आमचां बंदर मोठां होवंदे रे म्हाराजा.'

व्हय म्हाराजा!

एवढंच. परत लावलं. परत व्हय म्हाराजा! आवाज मोठा केला होता त्यांनी. त्या सगळ्या आवाजात मला माझा आवाज ओळखू आला.

मग जी बोंब उठली! 'बंदर म्हंजे आमची पुळण रे मेल्यानू! तुमचो धक्को न्हय!' सत्यवती काकी खुर्चीवर चढली. अधिकारी शांतपणे म्हणाले, 'शब्द बंदर हाच आहे ना? शासनाच्या कागदात बंदर म्हणजे बंदर.' मग दाजींना पुढे बोलावलं. 'आजोबा, हे तुम्ही म्हणालात?'

'म्हटलंय.'

'तुम्हाला काय अभिप्रेत होतं?'

मी मनात ओरडत होते — सांगा! सांगा ना, फसवलं म्हणून सांगा! सगळी माणसं त्यांच्याकडे बघत होती. दाजी साहेबांशी बोलायच्या शुद्ध मराठीत म्हणाले, 'साहेब, देवासमोर बोललो. आता त्याच्यावर आणखी काय बोलू?' आणि जाऊन बसले.

परतताना माणसं हळहळत होती. भोळो बिचारो. जावयान पोपट केल्यान म्हाताऱ्याचो. मला कोणी काही म्हटलं नाही. मीच नुसती मान खाली घालून चालत होते.

१० फेब्रुवारी

भांडण. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी आवाज चढवला. चहा पाजून माझ्याकडून अर्थ काढून घेतलात आणि माझ्याच बापाच्या तोंडी घातलात! लाज वाटत नाही? आमदार कसले, चोर तुम्ही!

त्याचा हात उठला. मग खिडकीतून बाहेर बघितलं, कार्यकर्ते होते, आणि हात खाली आला. आमदाराला जपावं लागतं.

'मी दाजींना फसवलेलं नाही,' म्हणाला. 'जा, विचार त्यांना.'

वर खोटंही बोलतो! पिशवी भरली, कट्ट्याच्या स्टँडवर गेले आणि मालवणची एसटी धरली. सासूबाई दारात होत्या. 'आमदाराची बायल यष्टीन जाता,' एवढंच म्हणाल्या.

१३ फेब्रुवारी

माहेरी.

दाजी घरापुढच्या खळ्यात बसून जाळं विणतात. जेवत नाहीत, नुसती पेज पितात. बायका येऊन आमटी ठेवून जातात, 'दाजीनू, तुमचो काय्येक दोष नाय' म्हणतात. प्रत्येक वेळी दाजी मान आणखी खाली घालतात. गाऱ्हाण्याचा मान त्यांनी परवाच सोडला. कोणी सांगितलं नव्हतं. देवळात गेले, उपरणं देवापुढे ठेवलं आणि आले.

मी म्हटलं, 'दाजी, त्याका सोडून इलंय मी. तुमका फसवल्यान, ता मी इसारतलंय नाय.'

सुई तशीच चालू.

१५ फेब्रुवारी

बंदरावर गेले. खुंटांच्या मधून रापण ओढत होते. पाच-सहा पेडवे मासे लागले, बाकी शेवाळ. काकीने त्यातलेही दोन मला दिले. 'माहेराक इलंस मा? खा!' मला रडू फुटलं. प्रितमला मी जन्मात क्षमा करणार नाही. भोळ्या माणसाचा देवासमोर गळा कापला त्याने.

१६ फेब्रुवारी

दाजी बोलले. जाळं बाजूला ठेवून, माझ्याकडे न बघता.

'माका कोणी फसवक नाय, बाये. आदल्या सांजेक तो इलो, तेव्हाच सगळां सांगल्यान. गाऱ्हाण्यातलां बंदर म्हंजे हेंचां कायता बंदर, जहाजांचां. तोच म्हणालो, कंपनी पाठीशी नसली तर ह्या फावटीय निवडणुकेत पडतलंय. माका सगळां ठावक हुतां.'

मी विचारलं, मग का?

'गेल्या फावटी तो पडल्यार तू मासे न्हेवक इल्लंस. पाटी उचलताना तुजी बाही वर गेली. वळ बगलंय मी.' जाळं पुन्हा पुढ्यात ओढून म्हणाले, 'ह्या फावटी तो पडाक नको हुतो.'

गावाचं बंदर गेलं ते माझ्या हातावरच्या वळांसाठी. आणि व्हय म्हाराजा सगळ्यांत मोठ्याने मीच म्हटलं होतं.