काकूंची न उघडलेली बाटली

बाई, गेले आठ दिवस मी काळा शर्ट घालू शकलेलो नाही, याची कुठेतरी नोंद व्हायला हवी. माझा कोंड्याचा शाम्पू बायकोने ‘केमिकल’ म्हणून बाथरूममधून हद्दपार केला आणि त्याच्या जागी स्वतः उकळलेलं रिठा-शिकेकाईचं पाणी आणून ठेवलं. त्यातलं बुरशीवरचं औषध गेलं, कोंडा करणारी बुरशी मजेत आहे, आणि माझे खांदे नेरूळभर प्रसिद्ध झालेत.

इथवर विनोद होता. काल सकाळी बाटली उघडली तर फुस्स करून हवा सुटली, वर आंबूस वास. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण थेट रबाळ्याच्या शाम्पूच्या कारखान्यातली आपली लॅब आठवली. हातात काचेची ताटली, तिच्यात वाढलेल्या जंतूंचे पांढरे ठिपके, आणि तुमचं ते, “पाणी आहे तिथे कोणीतरी राहायला येणारच. प्रिझर्वेटिव्ह म्हणजे बाटलीचा वॉचमन रे!” मग एकदम लक्षात आलं, यातली एक बाटली बायकोने शेजारच्या काकूंना दिलीय. आणि काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडाही झालेला नाही. त्या पाण्याचा एक ओघळ डोळ्यात गेला असता तर?

अनवाणीच धावलो. “काकू, ती शाम्पूची बाटली?”

“ती होय? पडलीय तशीच. डॉक्टर म्हणाले, इतक्यात डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. आणि झाकण तरी कुठे उघडतंय मेलं! का रे, घाम केवढा आलाय तुला?”

मी त्यांच्या चपलांच्या स्टँडवरच बसलो आणि वेड्यासारखा हसत सुटलो. तेवढ्यात बायको आली. सगळं कळल्यावर तिचा चेहरा उतरला. काकू म्हणाल्या, “म्हणजे हिचंच काहीतरी चुकलं म्हणायचं.”

तेव्हा मला कारखान्यातली ती शाम्पूची टाकी आठवली. नोकरीचा पहिला महिना. मिश्रण चाळीस अंशांच्या खाली उतरल्याशिवाय प्रिझर्वेटिव्ह घालायचं नाही, गरम्यात ते निकामी होतं, हे तुम्ही दहादा सांगितलेलं. पण कँटीनमध्ये त्या दिवशी कोळंबीभात होता आणि रांग वाढत होती. मी ओतलं, रजिस्टरमध्ये ‘अडतीस’ लिहिलं आणि पळालो. पुढे ताटलीत ठिपके उगवले, अख्खी टाकी फुकट गेली. मॅनेजर ओरडत होते आणि तुम्ही म्हणालात, “सर, नव्या मुलाला नीट सांगायचं माझ्याकडून राहिलं.” बाहेर आल्यावर मला एवढंच, “पुढच्या वेळी थांबायचं.”

“नाही काकू,” मी म्हणालो, “हे आंबणार हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. घरात कटकट नको म्हणून गप्प बसलो. चूक माझी आहे.”

“आणि हे आता सांगतोस?” बायको म्हणाली. पण घरी येऊन उरलेल्या बाटल्या तिनेच मोरीत रिकाम्या केल्या. माझा शाम्पू कपाटातून परत आला.

हे पत्र टाकायचं नाहीये, म्हणून लिहायला सोपं जातंय. बाई, ते अडतीस मी अंदाजाने लिहिलं होतं. थर्मामीटर माझ्या खिशातच होता.