पाठीवरचा हात

शुक्र. २३ जाने. ८१, अराद (आखात)

...हात तिच्या पाठीवर गेलेला. काढून घेतला तोवर पंचानं वही मिटली होती.

बुदैयाचं शेत, शिकारी कुत्र्यांची परीक्षा. लसूणघास गुडघ्याएवढी, त्यात पहाटेच लावे सोडून ठेवलेले. बेस, साहेबाची पॉइंटर कुत्री, वाऱ्याला नाक लावून आडवी धावत गेली आणि एकदम थांबली. पुढचा पाय उचललेला, शेपूट सरळ, म्हणजे पॉइंट. पक्षी वासावर शोधायचा, उडवायचा नाही, माणूस येईपर्यंत हलायचं नाही. तिनं सगळं केलं. माणसानं फक्त कुत्र्याला हात लावायचा नाही. मी लावला.

"सॉरी मिस्टर कदम. यू टच्ड हर."

हॅरिससाहेब कुबडीवर रेलून बांधावर उभा होता. घोटा मोडला म्हणून पट्टा माझ्याकडे दिलेला. रागावला नाही. म्हणाला, "स्टिल, लव्हली पॉइंट."

अवालीतला एक गोरा म्हणाला होता, नंबरात आली तर मी ठेवून घेतो. निघताना तो दुसऱ्याच कुत्र्याचे कान चोळत होता.

शनि. २४

ऑफिसात हॅरिस फाइलकडे बघत बोलला. सात तारखेचं विमान, कायमचं. विलायतेत कुत्र्याला सहा महिने कोंडून ठेवतात. बेस नऊ वर्षांची. "शी वोंट लास्ट इट." कुणी घेतली नाही तर गुरुवारी, पाच तारखेला, जनावरांच्या डॉक्टरकडे. इंजेक्शन.

माझ्याकडे बघितलं नाही. ते बरं केलं.

रवि. २५

हात का गेला, ते आज आठवलं.

आबा संस्थानच्या शिकारखान्यात. सतरा पॉइंटर. मला माळावर न्यायचे तेव्हा मी सात-आठ वर्षांचा. कुसळं, गवताचा तापलेला वास, पुढं हिरा. हिरा थांबली की आबा मागून सावकाश जात, गुडघा टेकत आणि तळहात तिच्या पाठीवर ठेवत. दाबत नसत. नुसता ठेवत. सरकार बंदूक घेऊन येईपर्यंत तसेच.

मी विचारलं होतं, कशाला?

"तिला कळाय नको व्हय, मी आलोय म्हनून?"

मंगळ. २७

संध्याकाळी बेसला फिरवलं. दोन वर्षं रोज हेच. अस्करच्या मागचं वाळवंट, लांब कारखान्याचा धूर. बोरीच्या झुडपाखाली काही नव्हतं तरी थांबली. मी दहा पावलांवर उभा राहिलो. हात खिशात.

मान वळवून बघितलं तिनं.

गुरु. २९

ड्रायव्हर सावंत: "काय कदमानू, दोन वर्सां कुत्रीक फिरवलात नि परीक्षेत कॉपी केलात?"

सगळी गाडी हसली. मीही.

उतरताना हळूच, "घराक व्हरा तिका."

म्हटलं, घरी न्यायची तर घरमालक आहे खाली. हाजी.

"हाजीक विचारूक जाव नका. सांगाक जावा."

रवि. १ फेब्रु.

विचारायलाच गेलो. हाजी अंगणात पारव्यांना दाणे टाकत होता. चहा दिला. नीट ऐकून घेतलं. मग हिंदीत, सलुकी, अरबांचं शिकारी कुत्रं, असती तर गोष्ट वेगळी, सलुकी घरची. ही तसली नाही. घरात मफी, म्हणजे नाहीच.

म्हटलं, शिकारीचीच आहे.

"सलुकी धावते. ही काय करते?"

म्हटलं, उभी राहते.

हाजी हसला. "उभं राहायला कुत्रं कशाला लागतं?"

बायकोला, शालनला, काही बोललो नाही. तिला कुत्र्याची भीती. लहानपणी पोटरीला चावलेलं.

मंगळ. ३

झोप नाही.

संस्थान विलीन झालं तेव्हा शिकारखाना मोडला. कुत्री वाटली, म्हातारी राहिली ती गोळीनं. हिरा म्हातारी होती. आबा त्या दिवशी लवकर घरी आले, हातपाय धुतले, जेवले नाहीत. पुष्कळ वर्षांनी, अंथरुणाला खिळल्यावर म्हणाले, "घरी आनली असती तिला. तुझ्या आईला इचारायचं धाडस झालं न्हाई." आई पलीकडेच भाकरी थापत होती. थापायची थांबली. मग म्हणाली, "मी कुठं न्हाई म्हनले असते."

गुरु. ५

डॉक्टरच्या दारात हॅरिसच्या हातून पट्टा घेतला. म्हटलं, मी नेतो. "युवर वाइफ?" म्हटलं, येस. कशाला येस, कुणास ठाऊक. त्यानं हात पुढं केला, मग तोच हात बेसच्या डोक्यावर ठेवला आणि कुबडी घेऊन गाडीत बसला.

जिना चढताना बेसची नखं वाजत होती. शालननं दार उघडलं. लेकीला, मीनूला, मागं ओढलं.

"अहो! हे काय?"

सांगितलं. इंजेक्शनचंही. आबांचंही, पहिल्यांदा.

"मला विचारायचंत तरी."

"हो."

"आणि हाजी?"

बेस रात्रभर गच्चीत.

शुक्र. ६

दुपारी नमाजाहून येऊन हाजी थेट वर आला. मी सगळं कबूल केलं. तो गच्चीच्या दारात उभा. बेस कठड्याच्या जाळीला नाक लावून. खाली अंगणात त्याचे पारवे. पाय उचललेला, शेपूट सरळ. किती वेळ कोण जाणे. पारवे दाणे टिपत राहिले.

मीनू: "बाबा, व्हाय इज शी नॉट मूव्हिंग?"

"माणूस यायची वाट बघते."

कुणीच हललं नाही. हाजीही. मी हात मागे बांधून उभा. तेवढ्यात शालन माझ्या बाजूनं पुढं गेली, पदर खोचलेला, हाताला कणीक. वाकली. बोटं दोनदा मागं घेतली. मग तळहात ठेवला, पाठीवर, मानेच्या जरा खाली.

"अहो, थरथरतीय की ही."

हाजी बराच वेळ खाली पारव्यांकडे बघत होता. जाताना म्हणाला, "उद्या सांगतो. इंशाल्ला."

शनि. ७

सकाळी सव्वासहाला हॅरिसचं विमान घरावरून गेलं. बेसनं मान वर केली नाही. सातला हाजीनं पारव्यांना दाणे टाकले, वर बेसकडे बघितलं, मफी म्हणाला नाही. कंपनीची गाडी आली, मी खाली उतरलो. पट्टा शालनच्या हातात होता.