खाल्लेली ओळ

प्रिय आईस,
लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या तुझ्या धाकट्याचा प्रभूमध्ये सलाम. फोनवर माझ्या आवाजावरून तुला सगळं लगेच कळतं, म्हणून लिहितोय.

घाबरू नकोस. येत्या सोमवारी सकाळी आठला इथे इस्पितळात माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. जेवण गरम मिळतं, खाट खिडकीजवळ आहे. इथली लिफ्ट मात्र तिसऱ्या मजल्यावर अडखळते आणि मला तिनेच नेणार, बघ आता! तुझा गुडघा कसा आहे?

शेजारच्या खाटेवर एक म्हातारे गवंडी आहेत. काल मी प्रभूची प्रार्थना म्हणत होतो, तर ते म्हणाले, "पोरा, रोज एक ओळ खातोस." खरं होतं. देवाच्या मनासारखं होवो, ही ओळ माझ्या तोंडून निघतच नव्हती. त्याच्या मनात माझं मरण असलं तर?

लहानपणी तू ओरडायचीस, "सगळं तुझ्याच मनासारखं व्हायला हवं का?" हो गं आई, मला जगायचंय.

आज ती ओळ म्हटली. पुढचं त्याच्यावर सोपवलं.

मी हट्ट सोडलाय. तू मात्र सोडू नकोस. सोमवारी आठला त्याच्यापाशी हट्ट धरून बस.

तुझाच,
धाकटा